सेज हिरवा रंग भिंतीवर वेगळाच दिसतो: कारण शोधण्याची रीत आणि उपाय

शेडकार्डावर शांत आणि किंचित राखाडी दिसणारा सेज हिरवा रंग भिंतीवर लागल्यावर कुठे निव्वळ राखाडी वाटतो, कुठे निळसर आणि थंड पडतो, तर कुठे पिवळट, मळकट होऊन बसतो. ही तक्रार नवी नाही, आणि एकदा उद्भवली की ती सहसा पहिल्या प्रयत्नात मिटतही नाही. बहुतेक लोक डब्याला दोष देतात, त्याच घराण्यातली दुसरी छटा आणतात, पुन्हा दोन हात मारून घेतात आणि काही दिवसांनी पुन्हा तेच म्हणतात की, रंग पाहिला तसा आला नाही. याचे कारण असे की, डबा बदलला तरी खिडकी तीच राहते, दिवे तेच राहतात, फरशी तीच राहते आणि भिंतीचा पृष्ठभागही तोच राहतो. बिघाड बहुधा या चारांपैकी कशात तरी असतो. म्हणून भिंत पुन्हा रंगवण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा आणि तपासणी एका ठरावीक क्रमाने करावी: आधी प्रकाश, मग शेजारचे रंग, मग पृष्ठभाग आणि त्यानंतर डबा. पहिल्या दोन तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि पुष्कळ तक्रारींचा उलगडा तिथेच होतो, म्हणून हा क्रम.

हा रंग इतका हळवा का

अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रंगांचे वर्णन करण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात रंगाच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात: रंग कोणत्या जातीचा आहे, तो किती उजळ आहे आणि त्याचा जोर किती आहे. सेज हिरव्याची सगळी ओळख या तिसऱ्या गोष्टीत आहे. त्याचा जोर मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो, म्हणजे तो राखाडीच्या सीमेवर उभा असलेला हिरवा असतो. गडद, भडक हिरव्या भिंतीवर पिवळा दिवा पडला तरी ती हिरवीच दिसते, कारण तिच्याकडे खर्च करायला हिरवेपणा भरपूर असतो. सेज छटेजवळ तेवढी शिल्लक नसते. दिव्याने, फरशीने किंवा पडद्याने तिला थोडेसे ढकलले तरी ती हिरव्या घराण्यातून बाहेर पडते.

डब्यात काय असते हे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. बहुतेक सेज छटा टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, काळा आणि हिरवा किंवा निळा रंगद्रव्याचा अर्क थोड्या थोड्या प्रमाणात घालून तयार केल्या जातात. पिवळा तिला उबदारपणा देतो, काळा तिचा जोर उतरवतो आणि हिरवा तिला नाव देतो. या तिघांत समतोल असतो तोवर छटा शांत दिसते. प्रकाशातला निळा भाग कमी झाला की पिवळा वर येतो, वाढला की पिवळा दबतो, आणि एकूण उजेडच अपुरा पडला की फक्त काळा-पांढरा उरतो. पुढील सर्व तपासण्यांचा पाया हाच आहे.

पहिली तपासणी: रंग नेमका केव्हा बिघडतो

सर्वप्रथम भिंत सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी दिवे लावण्याआधी आणि दिवे लावल्यानंतर अशी निरनिराळ्या वेळी पाहावी आणि ती केव्हा आवडत नाही हे कागदावर लिहावे. हे साधे वाटते, परंतु माझ्या मते सगळ्या तपासणीतले हे सर्वांत उपयोगी काम आहे, कारण दिवसा चांगला आणि रात्री वाईट दिसणारा रंग हा रंगाचा दोष असूच शकत नाही. भिंतीवरचे रंगद्रव्य दोन्ही वेळा तेच असते. बदलतो तो तिच्यावर पडणारा प्रकाश.

दिवसाचा प्रकाश एकजिनसी नसतो. निरभ्र आकाशाकडून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड बराच निळसर असतो. ऊन स्वतः त्यापेक्षा उबदार असते आणि सूर्य क्षितिजाजवळ आला की ते आणखी पिवळे-नारिंगी होते. ज्या खोलीच्या खिडकीतून दिवसभर थेट ऊन येत नाही, तिथे सेज रंगातला पिवळा दबून जातो आणि भिंत थंड, निळसर-राखाडी दिसू लागते. उत्तर गोलार्धात हे बहुधा उत्तरेकडील खोल्यांत घडते आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडील खोल्यांत, त्यामुळे दिशेचे नाव पाठ करण्यापेक्षा खोलीत ऊन येते की नाही हे पाहणे अधिक बरोबर. पश्चिमेच्या खोलीत हाच रंग दुपारपर्यंत थंड वाटतो आणि उतरत्या उन्हात एकदम पिवळट होतो. अशा खोलीतला बदल पूर्णपणे टाळता येत नाही, पण पातळ पांढऱ्या पडद्याने तो बराच सौम्य करता येतो. पडदा रंगीत असेल तर मात्र तो गाळून आलेला उजेडही रंगीत असतो, आणि खिडकीच्या काचेला रंगीत फिल्म लावलेली असेल तर भिंतीचा निवाडा करण्याआधी त्या फिल्मचा विचार करावा लागतो.

रात्रीची तक्रार असेल तर दिव्याच्या खोक्यावरचे आकडे वाचावेत. प्रकाशाचा उबदारपणा केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर असतो आणि त्याच्या उजेडात सेज भिंत ऑलिव्हकडे किंवा खाकीकडे झुकते. ६००० ते ६५०० केल्विनचा दिवा निळसर असतो आणि त्याच भिंतीला दवाखान्याची कळा आणतो. ज्यांना भिंत दिवसा दिसते तशीच रात्री साधारणपणे दिसायला हवी असते, त्यांना ३५०० ते ४००० केल्विनचे दिवे बहुधा मानवतात. ज्यांना रात्री उबदार उजेडच हवा असतो, त्यांनी ३००० केल्विन ठेवावा आणि भिंत थोडी पिवळसर दिसणार हे गृहीत धरून छटा निवडावी. दोन्ही मागण्या एकाच वेळी पूर्ण होत नाहीत.

केल्विन सारखा असूनही दोन दिव्यांखाली भिंत निराळी दिसली तर दुसरा आकडा पाहावा. तो म्हणजे रंगदर्शन निर्देशांक, जो खोक्यावर सीआरआय म्हणून छापलेला असतो. दिवा वस्तूंचे रंग नैसर्गिक प्रकाशाच्या किती जवळ दाखवतो याचे ते माप असून त्याची कमाल किंमत १०० आहे. पुष्कळ साधे एलईडी दिवे ८० च्या आसपास असतात. जोरदार रंगांच्या खोलीत ते चालून जातात, परंतु सेजसारख्या मंद छटेला ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचे दिवे द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. हा निर्देशांक ठरावीक नमुना रंगांची सरासरी असतो, त्यामुळे केवळ आकडा चांगला आहे म्हणून सगळे दिवे एकदम बदलू नयेत. एकच दिवा आणून भिंतीजवळ लावून पाहावा आणि मग बाकीचे घ्यावेत.

पडदे, गालिचा किंवा सोफ्याचे कापड दुकानात भिंतीच्या रंगाशी तंतोतंत जुळले आणि घरी आल्यावर विसंगत दिसले, तर त्याचेही मूळ इथेच असते. दोन वस्तूंतली रंगद्रव्ये वेगळी असली तरी एखाद्या प्रकाशात त्यांचा रंग एकसारखा दिसू शकतो आणि प्रकाश बदलताच ती जुळणी तुटते. याला मेटॅमेरिझम म्हणतात. कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग ही नेहमीच भिन्न द्रव्ये असतात, म्हणून सेज रंगाला तंतोतंत जुळणारे कापड शोधत बसण्यापेक्षा त्याहून स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिके कापड घेणे शहाणपणाचे आहे. मग थोडा फरक पडला तरी तो चूक वाटत नाही.

कमी उजेडाचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. अंधुक उजेडात डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मंदावतात आणि दंडपेशींवर भिस्त येते, ज्यांना रंगांचा भेद करता येत नाही. साहजिकच कमी जोराचे रंग सर्वांत आधी राखाडी होतात. बोळासारखी अरुंद जागा, जिन्याखालचा कोपरा किंवा एकाच मिणमिणत्या दिव्यावर चालणारी झोपण्याची खोली इथे सेज रंग हरवतो तो यामुळे. यावर अधिक हिरवा डबा आणणे हा उपाय नाही. उजेड वाढवणे आणि तो छताकडे किंवा जमिनीकडे न टाकता थेट भिंतीवर पडेल असा टाकणे हा उपाय आहे. भिंतीपासून थोड्या अंतरावर छतात बसवलेले, भिंतीकडे वळवलेले दिवे अशा जागी एका संध्याकाळीत फरक दाखवतात.

दुसरी तपासणी: शेजार

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील गोबलँ या शाही विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे अशी तक्रार आली की, निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणलेला काळा धागा फिका पडतो. त्यांनी काळा रंग तपासला तेव्हा त्यात दोष आढळला नाही. शेजारच्या रंगांमुळे डोळ्याला तो तसा दिसत होता. या अभ्यासातून त्यांनी १८३९ मध्ये मांडलेला नियम असा की, शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. भिंतीच्या रंगाबद्दलच्या निम्म्या भांडणांचे उत्तर या एका नियमात आहे, आणि सेज रंगावर तो सर्वाधिक चालतो, कारण ढकलले जायला तो सर्वांत सोपा आहे.

सर्वांत मोठा शेजारी म्हणजे पांढरा. छत, दाराच्या चौकटी, खिडक्या आणि खालची पट्टी यांना निळसर झाक असलेला झगझगीत पांढरा दिलेला असेल, तर त्याच्याशेजारी सेज भिंत पिवळट आणि धुवायला झालेली दिसते. याउलट पिवळसर, साईच्या वळणाचा पांढरा असेल तर तीच भिंत थंड आणि निळसर वाटते. म्हणजे भिंत मळकट दिसते अशी तक्रार असेल तर भिंतीला हात न लावता छताचा आणि चौकटींचा पांढरा बदलणे पुरेसे ठरू शकते, आणि ते कितीतरी कमी काम आहे. चौकटींसाठी ज्या पांढऱ्यात राखाडी-हिरव्याची अगदी पुसट झाक आहे असा पांढरा निवडावा. तो एकटा पाहिला तर नीरस वाटतो, परंतु सेजशेजारी स्वच्छ पांढरा दिसतो. खात्री करण्यासाठी चौकटीच्या एका भागावर त्या पांढऱ्याने रंगवलेला कागद चिकटवून दोन दिवस राहू द्यावा.

दुसरा शेजारी जमीन. इथे शेजार दोन प्रकारे काम करतो आणि दोन्ही प्रकार एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून गोंधळ होतो. तांबूस लाकडाची किंवा विटकरी टाइलची जमीन सेज भिंतीला लागून दिसते तेव्हा, शेव्रल यांच्या नियमाने, भिंत अधिक हिरवी भासते. पण त्याच जमिनीवरून परावर्तित झालेला तांबूस उजेड भिंतीवर पडतो तेव्हा तिथला हिरवेपणा मारला जातो, कारण हिरवे रंगद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि परत पाठवायला फारसे काही उरत नाही. खिडकीशेजारच्या भिंतीवर हे दुपारी नीट पाहायला मिळते. उन्हाचा पट्टा जमिनीवर पडलेला असतो, आणि त्याच्या लगतच्या भिंतीचा जमिनीपासून साधारण कमरेपर्यंतचा भाग तपकिरी झाक मारतो, तर त्याच्या वरचा भाग स्वच्छ सेज दिसतो. दोन्हींमधली सीमा पुसट असते, तरी बघणाऱ्याला वाटते की, रंगाऱ्याने खालच्या भागात दुसरा हात मारलाच नाही. तो उन्हाचा पट्टा पांढऱ्या चादरीने झाकावा; झाक तिथल्या तिथे नाहीशी झाली तर दोष रंगाऱ्याचा नाही आणि भिंतीचाही नाही. अशा ठिकाणी फिक्या, किंचित थंड रंगाचा गालिचा टाकला की प्रश्न बहुधा सुटतो.

खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर याच तत्त्वाने भिंत अपेक्षेपेक्षा अधिक हिरवी दिसते, आणि समोरच्या इमारतीची भिंत विटकरी असेल तर अधिक करडी. बाहेरचे बदलता येत नाही, त्यामुळे तिथे छटाच त्या हिशेबाने घ्यावी लागते.

चारही भिंती एकाच सेज रंगात रंगवलेल्या खोलीत आणखी एक गोष्ट घडते. एका भिंतीवरून निघालेला हिरवट उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा परततो, आणि प्रत्येक फेरीत त्याचा रंग थोडा गडद होतो. त्यामुळे हातातल्या चिठोऱ्यावर मंद वाटणारी छटा खोलीभर लागल्यावर जोरकस वाटते, आणि दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यांत ती सर्वांत गडद दिसते. लहान खोली असेल तर चारही भिंतींसाठी निवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी अधिक राखाडी छटा घ्यावी, किंवा एक भिंत फिकट ठेवावी.

तिसरी तपासणी: डाग, पट्टे आणि ठिगळे

आतापर्यंतच्या तक्रारी संपूर्ण भिंतीच्या होत्या. रंग ठिकठिकाणी वेगळा दिसत असेल, कडेला एक आणि मध्ये दुसरा वाटत असेल, तर मात्र पृष्ठभाग पाहावा लागतो. रात्री खोलीतले दिवे मालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरावा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जाईल. या आडव्या उजेडात लांबीचे (पुट्टीचे) उंचवटे, रोलरच्या फेऱ्यांचे जोड, पॉलिश पेपरचे ओरखडे आणि चकाकीतला फरक स्पष्ट उमटतो. मग टॉर्च सरळ भिंतीवर समोरून मारावा. आडव्या उजेडात दिसलेला डाग समोरच्या उजेडात नाहीसा झाला, तर रंग सगळीकडे सारखाच आहे आणि फरक फक्त पोताचा किंवा चकाकीचा आहे. समोरच्या उजेडातही डाग राहिला, तर रंगाच्या थरातच फरक आहे.

छताला आणि कोपऱ्यांना लागून चौकटीसारखा गडद किंवा चमकदार पट्टा दिसणे हा प्रकार फार आढळतो. कडा ब्रशने मारल्या जातात आणि मधला भाग रोलरने. ब्रशचा पोत आणि थराची जाडी रोलरपेक्षा वेगळी पडते. कडा आधी पूर्ण करून, त्या वाळल्यावर रोलर फिरवला की पट्टा पक्का होतो. एका वेळी एकाच भिंतीच्या कडा माराव्यात आणि त्या ओल्या असतानाच लहान रोलर शक्य तितका कडेला नेऊन त्यांवरून फिरवावा. पट्टा आधीच पडलेला असेल तर फक्त पट्ट्यावर रंग लावून तो जात नाही. पूर्ण भिंतीला एक हात द्यावा लागतो.

ठिगळांचे मूळ बहुधा लांबीत असते. खिळ्याचे भोक किंवा तडा लांबीने भरून त्यावर प्रायमर न लावता थेट रंग मारला, तर ती जागा रंगातील पाणी आणि बंधक (रंगद्रव्याला धरून ठेवणारा घटक) अधिक शोषून घेते, तिथला थर कोरडा आणि मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, पडतो आणि आजूबाजूच्या भागापेक्षा फिका दिसतो. वरून आणखी दोन हात दिले तरी तो डाग पुन्हा डोके वर काढतो, म्हणून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. त्या जागा पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून, प्रायमर लावून, मग संपूर्ण भिंतीला एक हात देणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

आधीची भिंत गुलाबी, पीच किंवा विटकरी असेल तर आणखी एक बारीक अडचण येते. हे रंग हिरव्याचे जवळजवळ विरोधी आहेत. सेज रंग पाण्याने जास्त पातळ केला किंवा एकाच हातावर भागवला, तर खालचा तांबूसपणा वर डोकावतो आणि हिरव्याला खाऊन टाकतो. परिणामी भिंत धड हिरवी नाही आणि धड गुलाबी नाही अशी करडी दिसते. अशा भिंतीला आधी पांढरा प्रायमर द्यावा, आणि रंगात पाणी डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त घालू नये.

नव्या गिलाव्याच्या बाबतीत घाई महागात पडते. ताज्या सिमेंटच्या गिलाव्याचा सामू (पीएच) १२ ते १३ इतका, म्हणजे तीव्र क्षारीय, असू शकतो, आणि हा क्षार ओलाव्याबरोबर वर येऊन रंगाच्या थरावर आणि काही रंगद्रव्यांवर हल्ला करतो. मंद छटेत थोडेच द्रव्य असल्यामुळे ते उडाले की फिके, ढगाळ डाग दिसतात. गिलावा किमान २८ दिवस पक्का होऊ द्यावा, तो वाळल्याची खात्री करावी आणि क्षारांना दाद न देणारा प्रायमर वापरावा. भिंतीवर पांढरी, पिठूळ बुकटी दिसली तर ती लोणा असते आणि तिचा अर्थ आत कुठून तरी पाणी येत आहे असा होतो. पाण्याची वाट बंद झाल्याशिवाय तिच्यावर कोणताही रंग टिकत नाही, मग तो सेज असो वा दुसरा कोणता.

पुसल्याने पडणारे चमकदार डाग मात्र रंगकामाचा दोष नसतात. मॅट रंग जोरात घासला की त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चमकू लागतो. दिव्यांच्या बटणांभोवती आणि खुर्चीच्या पाठीमागे हे होते, म्हणून तिथे सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा, फिनिश घ्यावा, किंवा मॅट असल्यास ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपावे.

चौथी तपासणी: डबा

एवढे झाल्यावर डब्याकडे वळावे. मशिनवर तयार केलेल्या छटेत अर्क थेंबांच्या हिशेबाने पडतो, आणि लहान डब्यात एका थेंबाचा फरकही मोठा ठरतो. म्हणून एकाच खोलीसाठी एक लहान डबा आज आणि दुसरा पुढच्या आठवड्यात असे आणू नये. लागणारा सर्व रंग एकदम घ्यावा आणि काम सुरू करण्यापूर्वी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून नीट ढवळावेत, म्हणजे डब्याडब्यांतला फरक उरत नाही. ज्यांनी असे केलेले नाही आणि एक भिंत दुसरीपेक्षा निराळी दिसत आहे, त्यांनी निदान जोड भिंतीच्या मध्ये न ठेवता कोपऱ्यावर आणावा, कारण कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर उजेड मुळातच वेगळा पडतो आणि फरक लपतो.

एका कंपनीची छटा दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये जुळवून घेतलेली असेल, तर वर सांगितलेला मेटॅमेरिझम इथेही आडवा येतो. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेली ती छटा घरात जुळेलच असे नाही. तसेच नाव आणि क्रमांक तोच ठेवून मॅटऐवजी सॅटिन घेतला, तर चकाकी वाढल्यामुळे रंग अधिक गडद आणि भरलेला दिसतो. मॅट पृष्ठभाग उजेड सर्व दिशांना पसरवतो, त्यामुळे त्यावर तोच रंग किंचित फिका आणि राखाडी वाटतो. नमुना मॅटमध्ये पाहिला असेल तर भिंतही मॅटच घ्यावी.

ओल्या भिंतीवरून निर्णय करू नये हेही सांगितले पाहिजे. पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनमधील बंधक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळताना पारदर्शक होतो, त्यामुळे रंग ओला असताना फिका आणि वाळल्यावर गडद दिसतो. वरवर तो काही तासांत वाळतो. तरी रंगाचा निवाडा दुसऱ्या दिवशी, दोन्ही हात पूर्ण झाल्यावर करावा. एका हातानंतर काम थांबवून छटा बदलणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांपैकी अनेकांची पहिली निवड योग्य असते.

छटा खरोखरच बदलायची असेल तर

चारही तपासण्यांनंतर छटाच चुकली आहे असे दिसले, तर ती कोणत्या बाजूला चुकली हे आधी ठरवावे. इथे एक चुकीचा उपाय इतका रूढ झाला आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. भिंत राखाडी आणि उदास दिसते म्हणून लोक तीच छटा हलकी करून मागतात, म्हणजे अर्काचे प्रमाण निम्मे करून घेतात. पण अर्क निम्मा केला की हिरवाही निम्मा होतो आणि पांढऱ्याचा वरचष्मा होतो. आधीच कमी असलेला जोर आणखी उतरतो, भिंत उजळ होते खरी, परंतु पूर्वीपेक्षा अधिक रंगहीन होते. राखाडी वाटणाऱ्या भिंतीला उजळपणा नको असतो, तिला थोडा जास्त रंग हवा असतो. थंड खोलीत थोडी अधिक पिवळी आणि थोडी अधिक जोरकस सेज छटा घ्यावी, जी शेडकार्डावर कदाचित जरा धीट वाटेल. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत उलट करावे, तिथे जरा अधिक राखाडी छटा शांत राहते.

उजळपणाचा अंदाज घ्यायला एलआरव्ही हा आकडा उपयोगी पडतो. भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा किती भाग परत पाठवते हे तो ० ते १०० च्या मापावर सांगतो. मध्यम सेज छटांचा एलआरव्ही साधारणपणे ३० ते ४५ च्या दरम्यान असतो आणि फिकट छटांचा ५० च्या वर. कमी उजेडाच्या खोलीत ४० च्या खाली जाताना दिव्यांची व्यवस्था आधी पाहावी. दोन छटांचा एलआरव्ही सारखा असूनही एक राखाडी आणि दुसरी हिरवी असू शकते, म्हणून हा आकडा फक्त उजळपणापुरता मानावा.

नमुना जुन्या भिंतीवर थेट लावू नये, कारण भोवतीचा जुना रंग डोळ्याची फसवणूक करतो. जाड पुठ्ठ्याचे, हाताच्या लांबीएवढे दोन चौकोन घ्यावेत, त्यांना पांढरा प्रायमर आणि वर रंगाचे दोन पूर्ण हात द्यावेत, आणि कडेला पांढरी पट्टी सोडू नये. एक चौकोन खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि दुसरा खिडकीच्याच भिंतीवर, जिथे उजेड सर्वांत कमी असतो तिथे, टेकवून ठेवावा. नंतर दोन्ही चौकोन एका कोपऱ्यात काटकोनात समोरासमोर धरून त्या घडीत पाहावे; चारही भिंती रंगवल्यावर रंग किती गडद होईल याचा तोच सर्वांत जवळचा अंदाज. चौकोन जमिनीला टेकवून, दाराच्या चौकटीला लावून, पडद्याच्या शेजारी धरून, आणि रात्री प्रत्यक्ष वापरातले दिवे लावून पाहावेत. दिवे बदलायचे ठरले असेल तर ते आधी बदलून मगच छटा पक्की करावी, नाहीतर जुन्या दिव्यांना शोभणारा रंग नव्या दिव्यांखाली पुन्हा नापसंत होतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

काम झाल्यावर डब्यावरची चिठ्ठी, म्हणजे छटेचा क्रमांक, अर्काचे प्रमाण, बेस, फिनिश आणि बॅच क्रमांक, यांचा फोटो काढून ठेवावा. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरून, ऊन आणि कडाक्याची थंडी लागणार नाही अशा जागी ठेवावा. पुढे डागडुजी करताना तो चांगला ढवळून, गाळून, ज्या प्रकारच्या रोलरने भिंत रंगवली होती त्याच प्रकारच्या लहान रोलरने लावावा; ब्रशने लावलेला ठिपका रंग तोच असूनही वेगळा उठून दिसतो. भिंत रंगवून बरीच वर्षे झाली असतील तर तिचा रंग उन्हाने आणि धुळीने थोडा बदललेला असतो, आणि तेव्हा ठिपक्यांवर न भागवता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीला हात द्यावा.